धर्मसिंगाचा पेपर

पैज लागली ती हळदीच्या रानात, भाकरीच्या सुट्टीत, कांदा फोडता फोडता.

रान विश्वंभरचं. टोळी धर्मसिंग राठोडची. टोळी म्हणजे तो, त्याची बायको नीलाबाई आणि तांड्यावरची पाच-सात घरं. ट्रॅक्टरनं उकरून वर काढलेले गड्डे झटकायचे, माती पाडायची, मुळ्या तोडायच्या आणि हळकुंडं मोडून ढीग लावायचा. दोन दिवसांत बोटं पिवळी, चार दिवसांत भाकरीसुद्धा पिवळी दिसायला लागते.

धर्मसिंगचं वय पंचेचाळिशी ओलांडून गेलं होतं, पण अंगातला खोडकरपणा काही म्हातारा व्हायचं नाव घेत नव्हता. आवाज बदलण्यात तर त्याचा हात धरणारा अख्ख्या कळमनुरी तालुक्यात कुणी नसेल. आठच दिवसांपूर्वी त्यानं विश्वंभरला फोन लावला होता. ‘मी मुंबईहून साहेब बोलतोय, तुमच्या हळदीसंगं तुमचा फोटो पेपरात छापायचाय.’ विश्वंभर इस्त्रीचा पांढरा ड्रेस घालून, दोन हातांत दोन गड्डे धरून, डोंगरकड्याच्या फाट्यावर भर उन्हात उभा राहिला. येणाऱ्या प्रत्येक जीपला त्यानं नमस्कार घातला. तांडा तीन दिवस हसत होता. विश्वंभर हसला नव्हता.

आज त्यानं भाकरीवर ठेचा पसरत सहज विचारलं, “धरमा, पोरगी बारावीनंतर काय करून राहिली?”

“दिल्लीला चालली.”

“कुणाच्या कामाला?”

“शिकायला. भूगोल.”

“भूगोल शिकायला दिल्लीला काहून? इथं जमीन न्हाई का?”

“इथली जमीन तुमच्या नावावर हाये मालक. म्हणून दूरची शिकून राहिली.”

बायका फिदीफिदी हसल्या. विश्वंभरनं घास गिळला. “तिथं परीक्षा असती. सगळ्या देशाची एकच, तीबी कॉम्प्युटरवर. बोर्डाचे मार्क कुणी विचारत न्हाई. माझा भाचा सांगत होता.”

“कशाची परीक्षा! एकदा बोर्डाची दिली की पोरीनं. तुमी बाजारातून बैल आणला, दात बघून आणला. घरी आणून परत दात बघता का?”

“बघतो!”

“मंग तुमचा बैलावर इश्वास न्हाई. दिल्लीचा हाये.”

“लाव पैज.”

“लावली. जो हारंल त्यानं डोंगरकड्याच्या आठवडी बाजारात मधोमध बसून पेपर द्यायचा. लोक इचारतील त्याचं उत्तर द्यायचं. चुकलं की कान धरून उठाबस.”

“आवो,” नीलाबाई मागून म्हणाली, “आधी पोरीला तर इचारा.”

पण तोवर पिवळ्या हातावर पिवळा हात पडला होता.

संध्याकाळी मिना घरी आली. बारावीचा शेवटचा पेपर देऊन आली होती. बापानं विचारायच्या आधीच तिनं तोंड धुता धुता सांगितलं, “बा, आता खरी परीक्षा. सीयूईटी. तिच्याबिगर दिल्ली घेत न्हाई.”

धर्मसिंगनं तंबाखू मळायची थांबवली. “बोर्डाचे मार्क कितीबी असू दे?”

“कितीबी.”

“मंग बोर्ड काहून घेतं परीक्षा?”

“ते बोर्डाला इचार.”

म्हणजे पैज सूर्य बुडायच्या आत हरली होती. दुसऱ्या दिवशी विश्वंभर बांधावर येऊन उभा राहिला. “कवा बसतो बाजारात?”

“हळद उरकू द्या मालक. हरलेला माणूस कुठं पळून चाललाय!”

*

डोंगरकड्यात प्रज्ञेशचं ऑनलाइनचं दुकान होतं. पोरगं मोठं हुशार. अशीच एक परीक्षा देऊन तो हैदराबादला शिकून आला होता आणि आता दुकान सांभाळत पुढच्या परीक्षेची तयारी करत होता. मिनाला त्यानंच सगळं सांगितलं होतं. फॉर्म भरायच्या दिवशी धर्मसिंग मुद्दाम सोबत गेला. नवी गोष्ट चालली आणि आपण तिथं नाही, हे त्याला सोसायचं नाही.

दुकानात सातबाराची गर्दी, लाइट जायची वेळ. प्रज्ञेश एका हातानं झेरॉक्स काढत होता, दुसऱ्या हातानं मिनाला दाखवत होता. “मोबाइल नंबर टाक. ओटीपी त्याच्यावरच येतो, चालू नंबर पाहिजे.”

“माझा टाक,” धर्मसिंग म्हणाला. घरात मोबाइल एकच होता.

“आता विषय. पाचापर्यंत घेता येतात.” एवढं सांगून प्रज्ञेश एका म्हाताऱ्याचा आधार शोधायला गेला.

धर्मसिंग खुर्ची ओढून पुढं सरकला. “पाच काहून? गाडीत माल कमी भरला तर गाडी चढ चढती. दोन घे.”

“मराठी, जनरल टेस्ट... आणि भूगोल घेते.”

“भूगोल तुला येतो ना?”

“येतो की. पहिल्यापास्नं.”

“मंग येणाऱ्या गोष्टीची परीक्षा काहून द्यायची? तेवढा बोजा कमी.”

मिनानं एकदा प्रज्ञेशकडं पाहिलं. तो पाठमोरा होता. बाप इतक्या खात्रीनं बोलत होता, की तिला क्षणभर पटलं. तेवढ्यात पंखा मंदावला, मागून कुणीतरी ओरडलं, ‘लाइट चालली, लाइट चालली.’ तिनं दोन विषयांवर फॉर्म पुढं ढकलला आणि लाइट जायच्या आत तो भरला गेला. धर्मसिंग छाती काढून बाहेर पडला. परतीच्या वाटेवर त्यानं तिला भजे खाऊ घातले.

*

पुढं हळद शिजवायचे दिवस आले. धर्मसिंगकडं ट्रॅक्टरमागं ओढायचा लोखंडी कुकर भाड्यानं असायचा. एका रानातून दुसऱ्या रानात तो कुकर घेऊन फिरायचा. टाक्यांत हळद भरायची, खाली कापसाच्या पऱ्हाट्या पेटवायच्या, वाफ धरली की झाकण उघडून गरम हळद ताडपत्रीवर ओतायची. अंगावर वाफ, पाठीवर ऊन. भुवया जळून आखूड होतात आणि शर्टाला जन्मभराचा वास लागतो.

यंदा मिना टोळीत नव्हती. तिच्या वाटणीची ताडपत्री नीलाबाई ओढायची. कंबर धरली की उभ्या उभ्या पाठीवर बुक्क्या मारून घ्यायची, पण पोरीला हाक मारायची नाही. तांड्यावरच्या जनकाबाईनं एकदा टोमणा मारला, “लेक सावलीत, याडी उन्हात!” नीलाबाई म्हणाली, “माझं ऊन मला पुरतं. तिला दुसरं ऊन हाये.”

त्या दिवशी कुकर वसमतकडच्या एका रानात लागला होता, आणि नीलाबाई गावाजवळच्या दुसऱ्या रानात कामाला गेली होती. धर्मसिंग ऐन रंगात होता. वाफ फुसफुसत होती, ट्रॅक्टर धडधडत होता. खिशातला मोबाइल वाजला. अनोळखी नंबर.

“हॅलो, मामा, मी प्रज्ञेश बोलतोय. आत्ता एक ओटीपी आला असंल, सांगा.”

आवाज नीट ऐकू येत नव्हता, पण धर्मसिंगच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. विश्वंभर! आज ना उद्या तो उट्टं काढणार हे त्याला ठाऊकच होतं. आणि फोनवर ओटीपी मागतात ते लबाड, हे तर रोज कॉलर ट्यूनवाली बाई सांगते. त्यानं टोळीकडं बघून डोळा मारला.

“सांगतो की! लिवा. नऊ नऊ नऊ, शून्य शून्य शून्य.”

थोड्या वेळानं परत फोन. “मामा, चुकला. नवीन पाठवलाय, नीट बघून सांगा.”

“बघून सांगतो. एक दोन तीन, चार पाच सहा. बराबर?”

टोळी पोट धरून हसत होती. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा पोरीचा आवाज होता. “बा, मी मिना. चेष्टा करू नको, आज शेवटचा दिवस हाये...”

मध्येच झाकणातून वाफ सुटली, आवाज तुटला. धर्मसिंग खूश झाला. “वा मालक! पोरीचा आवाज काढायला कवा शिकले? थोडा बारीक काढा, आमच्या मिनाचा इतका जाड न्हाई.” आणि त्यानं अजून एक आकडा ठोकून दिला. मग फोन बंद करून खिशात टाकला. बसा म्हणावं बोंबलत.

दोन टाक्या निघाल्या. तिसरीत हळद भरत असताना बांधावरून एक मोटारसायकल धुरळा उडवत आली. चालवणारा डोक्यापासून पायापर्यंत मातीनं भरलेला. तो उतरला, तेव्हा कळलं, विश्वंभर आहे.

धर्मसिंग हसत पुढं झाला. “काय मालक, फोन लागंना म्हणून जातीनं आले?”

विश्वंभरनं त्याची कॉलर धरली. “भाड्या, फोन चालू कर.”

“काय झालं?”

“पोरीच्या फॉर्मात भूगोलाचा पेपरच न्हाई. दिल्लीच्या त्या भूगोलाला भूगोलाची परीक्षा लागती. दुरुस्ती आजच्या दिवस. ती आणि तो प्रज्ञेश सकाळपास्नं तुला ओटीपी मागून राहिले, आन् तू आकडे फेकून राहिला! तीनदा चुकला म्हणून ते कुलूप पडलं. घंटाभरानं उघडंल. उघडलं की एकदाच टाकता येतंय म्हणतो तो पोरगा.”

धर्मसिंगच्या हातातलं घमेलं खाली आलं. हळद पायावर सांडली, त्याला कळलं नाही.

“तुमाला... कुणी धाडलं?”

“डिझेल आणायला डोंगरकड्याला गेलतो. पोरगी दुकानासमोर उभी. रडत न्हाई, बोलत न्हाई. नुसती उभी. मला म्हणाली, काका, बा कुठं हाये ते याडीला ठाऊक हाये, पण तिच्याजवळ फोन न्हाई. मंग तुझ्या बायकोला रानात जाऊन इचारलं आन् इथवर आलो. तुझ्यासाठी न्हाई आलो. हे ध्यानात ठेव.”

फोन चालू केला. त्या खोलगट रानात रेंजची एक काडी यायची आणि जायची. विश्वंभरनं गाडीला किक मारली. धर्मसिंग मागं बसला, हातात फोन उंच धरून, दिवा न्यावा तसा. टोळी बघत राहिली. हसलं कुणीच नाही.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर रेंज आली. एका लिंबाखाली गाडी थांबली. धर्मसिंगनं मघाचाच नंबर लावला. बोटं इतकी पिवळी आणि ओली की पडद्यावर लागेनात, शर्टाला पुसून पुसून लावला.

“प्रज्ञेश, मी बोलतो. मी. खरा.”

मग प्रज्ञेश म्हणाला, “मामा, कुलूप उघडलंय. पाठवतोय. पण ह्या वेळंला चुकलं तर आजचा दिवस गेला.”

फोन थरथरला. पडद्यावर आकडे आले. धर्मसिंगनं तोंड उघडलं, “हां, लिव...”

“थांब.” फोनवर मिना होती. आवाज जाड नव्हता, बारीकही नव्हता, सरळ होता. “बा, विश्वंभर काका हायेत ना तिथं? फोन त्यांच्याकडं दे.”

“अगं मी वाचतो ना. मराठी आकडे न्हाईत, तरी येतात मला.”

“बा, काकांकडं दे.”

धर्मसिंगनं फोन दिला. विश्वंभरनं खिशातून चष्मा काढला, काच पुसली, आणि शाळेत वाचावं तसा एकेक आकडा खणखणीत वाचला. पलीकडून मिनानं तो परत म्हणून दाखवला. धर्मसिंग लिंबाच्या बुडाला टेकून उभा होता. आयुष्यभर त्यानं लोकांना बनवलं होतं, आणि लोक बनले होते. आज त्याची लेक त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हती, आणि बराबर करत होती.

“झालं!” पलीकडून प्रज्ञेश ओरडला. “भूगोल आला! मामा, भूगोल आला!”

विश्वंभरनं चष्मा खिशात ठेवला. “चल. तुझी तिसरी टाकी जळून गेली असंल.”

रान जवळ आल्यावर धर्मसिंग मागून म्हणाला, “मालक, एक सांगू?”

“काय?”

“तुमच्या जागी मी असतो, तर आलो नसतो.”

“ठाऊक हाये,” विश्वंभर म्हणाला. “म्हणून तर येताना इतकं बरं वाटून राहिलं होतं.”

*

त्यानंतर मात्र धर्मसिंगनं एकदाही कुणाला आवाज बदलून फोन केला नाही. तांड्याला चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं. जनकाबाईनं नीलाबाईला विचारलंसुद्धा, “त्यायची तब्येत बरी हाये ना?”

मिना घराच्या मागच्या पडवीत अभ्यास करायची. समोरच्या खळ्यात शेतकऱ्यांची वाळलेली हळद ढोलात घालून घासायचं काम चालायचं. ढोल फिरायला लागला की घर हादरायचं आणि पिवळी धूळ पुस्तकावर बसायची. एका दुपारी धर्मसिंगनं ढोल थांबवला, तो ट्रॅक्टरला जोडून पार नाल्याच्या पल्याड नेला. माल डोक्यावरून इतक्या लांब न्यायचा म्हणून माणसं कुरकुरली. धर्मसिंगनं पहिलं पोतं स्वतःच्या डोक्यावर घेतलं.

दुकानात जाऊन मिना कॉम्प्युटरवर सराव करायची. माउस तिच्या हातात पहिल्यांदा आला तेव्हा बाण पडद्याच्या बाहेरच पळायचा. प्रज्ञेश म्हणायचा, “दाबू नको, फक्त सरकव. हळद निवडताना हात फिरतो तसा.” मग तिला जमलं.

एप्रिलात एका दुपारी आभाळ काळं झालं. खळ्यावर सगळी हळद उघडी. वारा सुटला तशी मिना पुस्तक टाकून धावत आली आणि ताडपत्रीचं एक टोक धरलं. धर्मसिंग ओरडला, “सोड ते! बस जाऊन!”

“हळद भिजंल, बा.”

“भिजू दे. तू भिजू नको.”

तिनं टोक सोडलं नाही. दोघांनी मिळून ताडपत्री ओढली, दगड ठेवले. आणि मग ती ओल्या केसांनी तशीच पडवीत जाऊन बसली. मोसमी वाऱ्यांवरचा धडा तिनं त्या दिवशी परत वाचला नाही. म्हणाली, “आजच्यापुरता पुरे झाला.”

मे महिन्यात परीक्षा. केंद्र नांदेडला. पहाटेच्या एसटीनं तिघंही गेली. दारावर कानातलं काढायला लावलं, बांगड्या काढायला लावल्या. नीलाबाईनं सगळं पदराच्या गाठीत बांधलं. आत जाताना मिनानं मागं वळून पाहिलं नाही. बाहेर आली तेव्हा नीलाबाईनं गाठ सोडून बांगड्या तिच्या हातात दिल्या. ती स्वतःच म्हणाली, “भूगोल सोपा होता.”

नीलाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. नवरा रसवंतीकडं बघायला लागला.

*

दिल्लीचा कॉल आला तेव्हा पावसाळा अर्धा सरला होता, आणि नवी हळद रानात गुडघ्याएवढी झाली होती. प्रज्ञेशनं दुकानाबाहेर येऊन बोंब ठोकली. मिनाला भूगोलाला जागा मिळाली होती.

सगळ्यांना वाटलं, आता धर्मसिंग पैज विसरणार. लेक जिंकल्यावर बाप हरलेला कुणाच्या लक्षात राहतो! विश्वंभरनंही पेढा तोंडात टाकत म्हणून टाकलं, “जाऊ दे धरमा, सोडली पैज.”

“काहून सोडली?” धर्मसिंग म्हणाला. “परीक्षा हाये म्हटले तुमी, न्हाई म्हटलो मी. हाये का न्हाई?”

“हाये.”

“मंग येत्या बाजारी या. सारं गाव घेऊन या.”

बाजाराच्या दिवशी, भाज्यांच्या आणि मिरचीच्या रांगेमधल्या चौकात धर्मसिंग पोतं अंथरून बसला. डोक्यावर धुतलेला पटका. भोवती ही गर्दी जमली, की कमलबाई भाजीवाली वजनकाटा घेऊनच उभी राहिली. प्रज्ञेशनं मोठ्यानं नियम सांगितला. बरोबर आलं तर पाच मार्क. चुकलं तर एक कापायचा आणि कान धरून एक उठाबस. येत नसेल तर सोडायचा, त्याला ना मार्क, ना उठाबस. दिल्लीच्या परीक्षेतही असंच असतं. तपासायला मिना बसली होती, मोडक्या खोक्यावर, ताठ.

“पहिला प्रश्न,” विश्वंभर म्हणाला, “पृथ्वी गोल हाये, कशावरून?”

“तुमी बाजारात कोणत्याबी कोपऱ्यात गेले मालक, तरी फिरून माझ्यासमोरच येता. त्याच्यावरून.”

गर्दीनं टाळ्या पिटल्या. मिना म्हणाली, “चूक. कान धरा.”

धर्मसिंगनं कान धरले. गुडघे कडकड वाजले, पुढच्या रांगेला ऐकू गेले.

“नाईल नदी कुठून वाहती?” कुणीतरी विचारलं.

“वरून खाली.”

“चूक.”

“सगळ्यात मोठं उष्ण वाळवंट कोणतं?”

“सहारा!” धर्मसिंग गरजला. मिना थबकली. बरोबर होतं. पडवीतून इतके महिने तिच्या वाचनाचा आवाज येत होता, त्यातला एवढा एक शब्द बापाच्या कानात राहिला होता. तिनं हसू दाबत पाच मार्क दिले. तो विजयी मुद्रेनं चौफेर बघायला लागला, म्हणून पुढचे चार प्रश्न लोकांनी मुद्दाम अवघड विचारले. चारही चुकले. घाम पटक्यातून गळ्यापर्यंत आला. कमलबाई म्हणाली, “पुरं करा, माणूस मरंल!” त्यावर तो उठाबशीतूनच म्हणाला, “मरत न्हाई. पास व्हायचंय.”

“आता शेवटचा,” प्रज्ञेश म्हणाला. “तो मिना विचारंल.”

मिनानं बापाकडं पाहिलं. आणि गर्दीला न कळणाऱ्या तांड्याच्या गोरमाटी बोलीत नाही, सगळ्यांना कळंल अशा मराठीत विचारलं, “बा, परवा मी गाडीत बसल्यावर घरात पहिलं कोण रडंल?”

धर्मसिंगनं तोंड उघडलं. जिभेवर तयार विनोद होता, निदान दोन तरी होते. त्यातला एकही बाहेर आला नाही. तो नीलाबाईकडं बघेना, विश्वंभरकडं बघेना. पोत्याचा एक धागा ओढत राहिला.

“सोडला,” तो म्हणाला. “हा सोडला.”

“सोडलेल्याला मार्क न्हाईत, बा.”

“न्हाईत तर न्हाईत.”

“आणि उठाबसबी न्हाई. झाला पेपर.”

पण तो उठला. लोकांनी तोंडाकडं बघायच्या आधी त्यानं कान धरले, मान खाली घातली, आणि भर बाजारात उठाबशा काढायला लागला. एक झाली, दुसरी झाली. मिना खोक्यावरून उठली आणि मोठ्यानं मोजायला लागली.